बटण डाव्या कोपऱ्यात

शहापूर तालुक्यात, आटगाव स्टेशनापासून टमटमनं पाऊण तास आत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी एक माध्यमिक शाळा लागते. बुधाजी निचिते तिथला शिपाई. नोकरीला एकतीस वर्षं झाली. एवढ्या काळात त्यानं सात मुख्याध्यापक पाहिले आणि सातांपैकी एकाबद्दलही त्याचं मत बरं झालं नाही. एक झोपाळू, एक भित्रा, एक नुसता सहीचा धनी; चौथ्याचं तर तो नावच घेत नसे, 'तो मफलरवाला' म्हणायचा. मास्तरांविषयी कुणी विचारलं तर सुपारी या गालातून त्या गालात ढकलायचा आणि म्हणायचा, "खिशाला पेन लावला का मानूस मास्तर होतो, मंग काय!"

हा स्वभाव त्यानं म्हशाच्या जत्रेतून उचलला होता. बाप तिथं बैल विकायला न्यायचा, आणि लहानगा बुधाजी त्याच्याबरोबर आठ-आठ दिवस गुरांच्या बाजारात राहायचा. शिंगं रंगवलेल्या बैलाभोवती गर्दी होते आणि घेणारा घरी जाऊन रडतो, एवढं तो तिथं शिकला. तेव्हापासून रंगवलेलं काहीही दिसलं की त्याचं तोंड वाकडं व्हायचं, मग तो बैल असो की माणूस.

शिपाई म्हटलं तरी गेली सात वर्षं शाळेचं ऑफिस बुधाजीच चालवत होता. कारकून लडकू भोईर निवृत्त झाला आणि त्याची जागा भरलीच गेली नाही. 'भरू, भरू' म्हणत संस्थेनं अर्ज मागवले, ते कुठंतरी गहाळ केले आणि विषय संपवला. मास्तर मंडळी कॉम्प्युटरच्या खोलीकडं फिरकत नसत. तिकडं गेलं की काम गळ्यात पडतं, एवढी अक्कल त्यांना होती. शेवटी जाण्याआधी महिनाभर लडकूनं बुधाजीलाच शेजारी बसवून घेतलं.

बुधाजी आठवी नापास. मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणार, पण इंग्रजीची नुसती अक्षरं ओळखू यायची. म्हणून लडकूनं त्याला शब्द शिकवलेच नाहीत, जागा शिकवल्या. "ह्यो बघ, डाव्या हाताला वरून तिसरा, तो शाळा सोडल्याचा दाखला. त्याच्या खाली बोनाफाइड. उजव्या अंगाला हजेरी. आन खाली डाव्या कोपऱ्यात बटन, तिथून चालू, तिथूनच बंद." पडद्यावर या सगळ्याच्या मागं लडकूनं शाळेच्या सहलीत काढलेला सिद्धगडाचा फोटो होता, हिरवागार. त्या हिरव्यावर कुठं काय बसवलंय ते बुधाजीनं शेतासारखं ध्यानात ठेवलं. कुठला बांध कुणाचा आणि पाणी कुठून कुठं उतरतं, हे काय कुणी पाटी लावून सांगतं? फायलीच्या आत मराठी उमटायचं, पण नावाच्या चौकटीत इंग्रजीच; म्हणून फायलीला नाव द्यायची वेळ आली की तो हाताला येईल ते बटण दोन-तीनदा दाबायचा. एकीचं नाव डीडी, एकीचं केकेके, एकीचं नुसतंच झेड. नावाशी त्याला कर्तव्य नव्हतं. चारशेवर पोरं त्यानं त्या पडद्यावरून दाखले देऊन पुढं धाडली, आणि एकाच्याही जन्मतारखेत चूक झाली नाही. मफलरवाल्याच्या काळात वर्षाला पाच-सात व्हायच्या.

गेल्या मे महिन्यात संस्थेच्या सचिवांना सुधारणेचा झटका आला. संस्थेच्या शाळा दोन, एक ही आणि एक मुरबाडला. दोन्हीकडचे कॉम्प्युटर 'अपग्रेड' करायचं काम सचिवांच्या भाच्याला मिळालं. मुकेश त्याचं नाव. पस्तिशीचा बाप्या, शहापुरात कॉम्प्युटर क्लास चालवायचा. क्लासच्या दारावर स्वतःचाच हाताची घडी घातलेला फोटो आणि खाली 'आयटी एक्स्पर्ट'. गळ्यात ओळखपत्र असायचं, जे बघायला कुणीही मागितलेलं नव्हतं. सुट्टीत तो आला, दोन दिवस दार लावून बसला आणि नवी विंडोज मारून गेला. बुधाजी तेव्हा शेताच्या बांधबंदिस्तीत होता. त्याला कुणी विचारलं नाही. शिपायाला काय विचारायचं?

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी बुधाजीनं कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं, धूळ पुसली, उदबत्ती ओवाळली आणि बटण दाबलं.

पडद्यावर सिद्धगडाच्या जागी एक भलंमोठं निळं फूल उमललं. डाव्या कोपऱ्यात बटण नव्हतं. तिथं आजचं हवामान लिहिलेलं. खालच्या पट्टीच्या मधोमध सगळी चिन्हं घोळका करून उभी, एसटी यायच्या आधी स्टँडवर माणसं उभी असतात तशी. आणि वरच्या फायली गायब. सात वर्षं जिथं मांडून ठेवलेली होती तिथं एकच पिवळं पाकीट. बुधाजीचा हात सवयीनं डाव्या कोपऱ्यात गेला, त्यानं दाबलं, तर बातम्यांचं पान धाडकन उघडलं. कुठल्या नटीचं लग्न, कुठं पूर. ते बंद कसं करायचं ते त्याला कळेना.

त्यानं दिसेल तिथं टिचक्या मारून पाहिल्या. पण मागं कुणीतरी उभं आहे हे जाणवताच त्यानं चेहऱ्यावर तुच्छता आणली. ती त्याच्याकडं तयारच असायची.

मागं मुख्याध्यापिका रश्मी मॅडम होत्या. सातव्या त्या, कल्याणहून यायच्या, हजर होऊन जेमतेम सहा महिने झालेले. शेजारी मुकेश.

"कसं वाटतंय, काका?" मुकेश म्हणाला. "एकदम फ्रेश लुक ना?"

"माझं सामान कुठाय?"

"सगळं त्या एका फोल्डरमध्ये टाकलंय. काय ती नावं, काका! डीडी, केकेके. क्लासमधल्या पोरांना दाखवलं मी, लोळले हसून."

मॅडमही जराशा हसल्या.

"आन बटन मधी का आनलं?"

"आता सगळीकडं मध्येच असतं. लेटेस्ट आहे."

"घराचा दरवाजा मधी असतो म्हनून मोरी बी मधी काडतात का?"

मुकेशला ते कळलं नाही. "टाइम लागेल, सवय होईल," असं त्यानं समजावणीच्या सुरात सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बुधाजी, आठवडाभर ऑफिसचं मुकेश सर बघतील. तुम्ही जरा चहाचं बघा."

एकतीस वर्षांत चहा सांगितल्याचा त्याला कधी अपमान वाटला नव्हता. त्या दिवशी वाटला.

घरी जेवतानाही त्याची बडबड चालूच. "दोन दिस दार लावून बसला, आन काय केलं? घर सारवायला सांगितलं तर ह्यानं भिंती पाडल्या! आन वर बोलतो, फ्रेश!" बायको गोजाबाईनं पुढ्यात भाकरी टाकली, थोडा वेळ ऐकून घेतलं, मग म्हणाली, "त्याला शिव्या द्यायच्या त्या द्या. पन तुमाला भ्या वाटलं, ते बोला ना."

"कसलं भ्या?"

"परत नुसती घंटाच वाजवायला लागंल म्हनून."

"तुला काय कलतंय!" म्हणत बुधाजी ताटावरून उठला. तिला बरोबर कळलं होतं, राग त्याचाच होता.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला डोंगरावरच्या वाडीतली बाईजा आली. बरोबर तिची मुलगी सारिका. सारिका दहावीला बासष्ट टक्क्यांनी पास झालेली. त्या वाडीतून दहावी पार केलेली ती तिसरी मुलगी. मुरबाडला अकरावीचा प्रवेश आणि राहायला वसतिगृह, दोन्ही ठरलं होतं. फक्त शाळा सोडल्याचा दाखला उद्या दुपारी बारापर्यंत तिथं पोचायला हवा, नाहीतर वसतिगृहातली जागा दुसऱ्या मुलीला. दोघी दोन तास चालून आल्या होत्या.

मुकेश खुर्चीत बसला. पिवळं पाकीट उघडलं. आत एकशे चाळीस फायली, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लागलेल्या. त्यानं एक उघडली, दुसरी उघडली. पोषण आहाराचा तक्ता, स्नेहसंमेलनाची पत्रिका. विसावी की बाविसावी फाइल दाखल्याची निघाली. म्हणजे चौकट दाखल्याची होती, आत मराठीचा मागमूस नाही. शाळेच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण, अशी खिचडी.

"करप्ट आहे," मुकेशनं निकाल दिला. "फाइलच करप्ट झालीये, मॅडम. नवीन बनवावी लागेल. तीन-चार दिवस."

"बाई, सोमवारी या," मॅडम बाईजाला म्हणाल्या.

"उद्याच द्यायाचा हाय वो बाई."

"सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे. त्याला आम्ही काय करणार?"

सिस्टीम कोण, ते बाईजाला ठाऊक नव्हतं. तिनं दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बुधाजीकडं बघितलं.

बुधाजी पडद्याकडं बघत होता. ही खिचडी त्याच्या ओळखीची होती. लडकू असताना एकदा असंच झालेलं. दाखल्यासारख्या शाळेच्या काही फायली जुन्या मराठी फॉन्टात लिहिलेल्या. तो फॉन्ट मशीनमध्ये नसला की मराठीची अशी दशा होते. फाइल धडधाकट असते, तिचे कपडे तेवढे हरवलेले असतात. एवढं आठवी नापास माणसाला ठाऊक, आणि हा गळ्यात पट्टा बांधून करप्ट म्हणतोय! सांगावंसं क्षणभर वाटलं. पण मुकेशनं चहाचा कप त्याच्याकडं न बघताच उचलला, आणि बुधाजीनं तोंड मिटून घेतलं.

बाराला मॅडम आणि मुकेश शहापूरला निघाले, सचिवांकडं मीटिंग होती. गाडीची काच खाली करून मुकेश म्हणाला, "काका, मशीनला हात लावू नका हां. सेटिंग बिघडेल."

"बरं."

गाडी वळणाआड जाईपर्यंत बुधाजी फाटकात उभा राहिला. मग आत येऊन बाईजाला म्हणाला, "बसा गो बाकावर. पानी प्या. चारला मॅडम येतील सहीला, तवर थांबा."

कपाटात तंबाखूच्या रिकाम्या डबीत लडकूनं दिलेला पेन ड्राइव्ह होता. तो लावला. त्यातल्या जुन्या फॉन्टवर दोनदा टिचकी मारली तशी पडद्यावर मराठी अक्षरं आली, अर्थ नसलेली, पण मराठीच. वर एकच बटण होतं. बुधाजीनं ते दाबलं. दाखल्याची फाइल पुन्हा उघडली, तर शाळेचं नाव जिथल्या तिथं, काना-मात्रेसकट. त्यानं जनरल रजिस्टर काढलं, सारिकाची नोंद शोधली, नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी आणि अंकी, सगळं दोनदा ताडून भरलं, कागद छापला, शिक्का मारला. साडेबारा वाजले होते.

काम झालं होतं. उठायला हरकत नव्हती. पण समोर ते निळं फूल होतं, आणि सही व्हायला साडेतीन तास होते.

त्यानं एकेक फाइल उघडून बघायला सुरुवात केली आणि ओळख पटली की पाकिटातून बाहेर ओढून तिच्या जागी ठेवू लागला. फाइल ठेवली की ती टुणकन उडी मारून डावीकडच्या रांगेत जाऊन बसायची. चार वेळा ठेवली, चार वेळा पळाली. "बांधलेली नाय अजून," तो पुटपुटला. मोकळ्या जागेवर माउसचं उजवं बटण दाबून जी यादी आली तीत जिथं जिथं बरोबरची खूण दिसली ती एकेक काढून पाहिली. तिसऱ्या खुणेला फाइल ठेवली तिथं राहिली. मग दाखला वरून तिसरा, त्याच्या खाली बोनाफाइड, हजेरी उजव्या अंगाला. पाकिटातच सिद्धगडाचा फोटोही सापडला. तो परत मागं लावला. निळं फूल गेलं, हे त्याला फारच आवडलं.

बटण मात्र मधे ते मधेच. ते हातानं ओढून येईना. खालच्या पट्टीवर उजवं बटण दाबलं, दोन ओळी आल्या. वरचीतून कामाचं काही निघालं नाही. खालचीतून एक लांबलचक पान उघडलं, सगळं इंग्रजी. बुधाजी नांगरामागं चालावं तसा एकेक ओळ खाली सरकत गेला. तळाची एक ओळ दाबल्यावर ती उलगडली आणि तिच्या पोटात एका चौकटीत ओळखीचा शब्द निघाला. दर मार्चला दहावीच्या परीक्षेचा फलक तो स्वतः फाटकावर टांगायचा, त्यावरचा 'सेंटर'. इथं शेवटची दोन अक्षरं उलटसुलट होती, पण शब्द तोच. म्हणजे मधे. त्यावर दाबलं, तर त्याच्या शेजारी दुसरा शब्द आला, चार अक्षरांचा.

तो त्याला वाचावा लागला नाही. हजेरीपटावर लाल शाईत त्यानं तो शेकडो वेळा पाहिला होता. पोरगं शाळेत यायचं बंद झालं की मास्तर त्याच्या नावापुढं तेवढंच लिहितात आणि रेघ ओढतात: 'लेफ्ट'. का गेलं, कुठं गेलं, वीटभट्टीवर गेलं का लग्न लावून दिलं, कुणी विचारायला जात नाही. वाडीवरच्या मुलींच्या नावापुढं तर तो शब्द जवळजवळ छापलेलाच. मास्तरांचं सगळं इंग्रजी तेवढ्यावर भागायचं. बुधाजीनं बाकावर पेंगणाऱ्या सारिकाकडं एकदा बघितलं, आणि तो शब्द दाबला.

खालचा घोळका सरकत सरकत डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. हवामान उजवीकडं पळालं.

चारला गाडी आली. मुकेश खोलीत शिरला आणि पडदा बघून थबकला. "काका! हात लावू नका म्हटलं होतं ना? दहा वर्षं मागं नेलंत सगळं!"

बुधाजीनं दाखला आणि जनरल रजिस्टर मॅडमपुढं ठेवलं. मॅडमनी नोंद ताडून पाहिली, कागद उजेडात धरून शिक्का पाहिला.

"मुकेश, ही फाइल करप्ट होती ना?"

"ती... आपोआप रिकव्हर झाली असेल. कधीकधी होतं, मॅडम."

"व्हतं," बुधाजी म्हणाला. "पेन ड्राइव्ह बी कधीकधी आपोआप जाऊन बसतो."

मॅडमनी सही केली. बाईजानं दाखला पदराच्या आत पिशवीत, पिशवी परत पदरात, असा गुंडाळला आणि दोघी घाईनं निघाल्या. मॅडम खुर्चीत बसल्या. पडद्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "बुधाजी, वर्गांचं वेळापत्रक कुठंय? परवापासून शोधतेय."

"डाव्या हाताला, वरून पाचवं."

ते उघडलं. "राहू द्या हे असंच," मॅडम म्हणाल्या. मुकेशनं गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं.

पुढच्या आठवड्यात संस्थेला अहवाल गेला: 'संगणक सुधारणा यशस्वी, श्री. मुकेश यांचे मोलाचे सहकार्य.' बुधाजीचं नाव नव्हतं. तो अहवाल छापला बुधाजीनंच. छापताना त्यानं तो पूर्ण वाचला, कोपऱ्यात टाचणी मारली आणि मॅडमच्या टेबलावर टाकला. रागही आला नाही. ज्यांच्याकडून अपेक्षाच नाही त्यांचा राग कशाला करायचा, असं त्याचं धोरण होतं.

मुरबाडच्या शाळेत योगिनी नावाची कारकून होती. मॅडमकडून ऐकून तिनं फोन केला, आमच्याकडचे दाखलेही उघडत नाहीत. शनिवारी शाळा सुटल्यावर बुधाजी एसटीनं गेला. पोचल्या पोचल्या त्यानं तिच्या पडद्याकडं नजर टाकली, मधे उभा घोळका पाहिला आणि भिंतीवरच्या तिच्या प्रमाणपत्राकडं हनुवटी करून म्हणाला, "एवढी शिकलीस, आन बटन डावीकडं आनाया मी लागतो?"

योगिनीनं मान वर न करता माउस फिरवला. तीन टिचक्यांत बटण डावीकडं गेलं. परत तीन टिचक्यांत मधे आलं.

"मला मधेच आवडतं, काका," ती म्हणाली. "मला फॉन्ट पाहिजे. तो द्या आणि बसा."

बुधाजी बसला. असं त्याला कुणी बसवलं नव्हतं. त्यानं फॉन्ट घालून दिला. मग पेन ड्राइव्हवर त्यानं बरोबर आणलेल्या त्याच्या फायली योगिनीला दिसल्या. ती हसली नाही. म्हणाली, "डीडी म्हणजे काय?"

"शिष्यवृत्तीची यादी."

"मग तसं लिहीत का नाही?"

"इंग्लिश नाय येत मला."

"मराठीत लिहा की. फायलीला मराठीत नाव देता येतं." तिनं खाली उजवीकडं 'मराठी' निवडलं, डीडी पुसलं आणि तिथं 'शिष्यवृत्ती' लिहून दाखवलं.

बुधाजी त्या शब्दाकडं बघत राहिला. सात वर्षं. लडकूनं जाताना सांगितलं नाही, नंतर मास्तरांपैकी कुणी नाही, गळ्यात पट्टा बांधलेल्या मुकेशनं तर नाहीच. आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. विचारावं असा माणूसच त्याला शाळेत कुणी दिसला नव्हता. "परत एकदा दाव," तो म्हणाला. तिनं परत दाखवलं. तिसऱ्यांदा त्यानं स्वतः केलं, 'बोनाफाइड' मधला 'ड' शोधायला वेळ लागला.

परत येताना एसटीत तो खिडकीला टेकून बसला होता. शेजारच्या माणसानं 'पाऊस लांबला' म्हटलं त्यालाही त्यानं काही सुनावलं नाही. घरी गोजाबाईनं विचारलं, "कशी हाय ती मुरबाडची कारकूनबाई?"

"हुशार हाय," बुधाजी म्हणाला, आणि लगेच, "पन बोलते लई."

एकशे चाळीस फायलींना नावं द्यायला त्याला अकरा दिवस लागले. रोज मधल्या सुट्टीत दहा-बारा. जागा मात्र त्यानं एकीचीही हलवली नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी मुकेश कसलीशी तपासणी करायला आला तेव्हा पडदा बघून म्हणाला, "वा काका! आता कसं प्रोफेशनल वाटतंय. शिकलात की माझ्याकडून!"

बुधाजीनं त्याला बसायला खुर्ची दिली. चहाही दिला, कान तुटलेल्या कपात.